मुबेया दलदलीतला लहानसा खड्डा

योसामु वालुसिंबीच्या वाट्याला दोन मैल रस्ता आला होता. चर्चच्या टेकडीपासून सुरू होऊन मुबेया दलदलीच्या पलीकडच्या काठापर्यंतचा. एकवीस वर्षं तो त्या दोन मैलांचा मैलकुली होता. जिल्ह्याच्या रस्ते कार्यालयानं दिलेलं फावडं, कोयता, धुम्मस आणि एका चाकाची ढकलगाडी एवढा त्याचा सरंजाम. सकाळी साखर नसलेला चहा आणि रात्रीचं गार मातोके, म्हणजे शिजवलेली केळी, खाऊन तो निघे. कडेचं गवत कापी, चर मोकळे करी, टेकडीच्या पोटातून तांबडा मुरूम खणून आणी आणि खड्ड्यांत भरून धुमसे. दुपारी परतताना तो रस्त्याच्या मधोमध चाले, कारण कडेनं चालणाऱ्याला रस्ता कळत नाही असं त्याचं म्हणणं होतं.

खड्ड्याला त्या भागात एकिन्या म्हणतात. पण सगळ्याच खड्ड्यांना नाही. लहान असला तर अकान्या, राक्षसी असला तर ओगुन्या. गावात याची मापंही ठरलेली होती. पोराचा पाय मुरगळेल तो अकान्या, सायकलवाला पडेल तो एकिन्या आणि ज्याच्या काठाशी ट्रक थांबून विचार करतो तो ओगुन्या. कॉफीची पोती वाहणारे सायकलवाले योसामुला येताजाता बातम्या पुरवत. शाळेच्या वळणावर दोन अकान्ये झालेत. मिशनच्या फाट्यावरचा परवाचा अकान्या आता वयात आलाय, त्याचं लग्न लावून टाका. योसामु हसे आणि ढकलगाडी तिकडे वळवी.

कार्यालयाचा नियम साधा होता. अकान्या आणि एकिन्या मैलकुलीनं आपले आपण बुजवायचे. ओगुन्या असला, किंवा खालची मोरी खचली असली, तर कार्यालयात येऊन सांगायचं. मग इंजिनियरसाहेब वहीत लिहिणार आणि जिल्ह्याचा एकुलता एक ट्रक दगड, नळ आणि माणसं घेऊन येणार.

नाताळानंतर मुबेया दलदलीत रस्त्याखालचा सिमेंटचा नळ फुटला. वरून बघणाऱ्याला थाळीएवढं भोक दिसे. योसामुनं त्यात काठी घातली तेव्हा काठीसकट हात खांद्यापर्यंत आत गेला तरी तळ लागला नाही. खालून पाणी माती ओढून नेत होतं, रस्ता आतून पोकळ होत होता. त्यानं त्यात नऊ गाड्या मुरूम ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूम नव्हता, भोक मात्र दोन थाळ्यांएवढं झालं होतं.

कुठल्याही वर्षी त्याला याची काळजी वाटली असती. त्या वर्षी मात्र त्याची झोपच गेली, कारण डमालीला सहावा महिना होता.

डमाली त्याची एकुलती मुलगी, गावच्याच शाळेत शिक्षिका. नवरा सरोवरातल्या बेटावर मासळीच्या धंद्यात, महिन्यातून चार दिवस यायचा. पाच वर्षांपूर्वी डमाली पहिल्या बाळंतपणात अडली होती. दोन रात्री घरीच अडली आणि मूल पोटातच गेलं. या खेपेला दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला आणि तिच्या आईला, मिरियाला, समोर बसवून बजावलं होतं. हाडं अरुंद आहेत, मूल वाटेनं येणार नाही, पोट उघडूनच काढावं लागेल. पहिली कळ आली की चूल विझवायलाही थांबू नका, तडक गावाबाहेर पडा आणि मिशनचं इस्पितळ गाठा. इस्पितळ चौदा मैलांवर तालुक्याच्या गावी होतं, आणि तिकडे जाणारा गाडीरस्ता मुबेया दलदलीतूनच जात होता. टेकडीला वळसा घालून दुसरी एक वाट होती, पण ती सात मैल जास्त, आणि पावसाळ्यात त्या वाटेवर गाडी चढत नसे.

इकडचा मोठा पाऊस एप्रिलात लागतो आणि डमालीचे दिवसही तेव्हाच भरणार होते, म्हणजे एप्रिलच्या आत तो नळ बदलणं एवढंच योसामुच्या जिवाला लागून राहिलं होतं. बारा जानेवारीला, सोमवारी, तो इस्त्री केलेला पांढरा पायघोळ कांझू आणि त्यावर कोट घालून कार्यालयात गेला.

इंजिनियर ओडोकसाहेब उत्तरेकडचे. इकडे येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. सज्जन माणूस. कुणाची कोंबडी घेत नसत, कुणाला ताटकळत ठेवत नसत. भाषा त्यांनी पुस्तक आणून, बाजारात बोलून शिकली होती. शब्द त्यांना सगळे कळत. पण आमच्याकडे मागण्याची एक रीत आहे ती पुस्तकात नसते. मागायला गेलेल्या माणसानं आपली गरज लहान करून मांडायची. तहानेनं जीव चालला असला तरी घोटभर पाणी मागायचं. शेत हवं असेल तर कोपरा मागायचा. कापलेल्या बोकडाचं जेवण वाढतानाही यजमान म्हणणार, थोडं काहीतरी आहे, गोड मानून घ्या. आणि ऐकणाऱ्यानं ते मनातल्या मनात पुन्हा मोठं करून घ्यायचं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. जो आपली गरज आहे तेवढीच मोठी करून सांगतो तो समोरच्याच्या गळ्याला हात घालतो, असं मानतात. योसामु तर या बाबतीत सगळ्या गावात नावाजलेला. त्याच्या बापानं राजाच्या एका सरदाराकडे चाकरी केली होती.

त्यानं साहेबांची विचारपूस केली, घरच्यांची केली, साहेबांच्या गावाकडच्या पावसाची केली. मग खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "साहेब, एक लहानसं काम घेऊन आलोय. मुबेयात एक अकान्या झालाय. आपल्याला कधी सवड झाली तर नजर टाकावी."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. आभारही मानले. योसामु समाधानानं घरी आला आणि मिरियाला म्हणाला की काम झालं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आला, पण मुबेयाकडे फिरकला नाही. तो गेला पलीकडच्या गावी, जिथला मुखिया एक निवृत्त शिपाई होता. त्या मुखियानं कार्यालयात जाऊन टेबलावर मूठ आपटली होती आणि सांगितलं होतं की आमच्याकडे असा ओगुन्या आहे की त्यात तुमचं कार्यालय पुरता येईल. योसामु मुद्दाम सायकल काढून तो ओगुन्या बघून आला. त्यात कोंबडी बसली असती तर तिची पाठ बाहेर राहिली असती.

नऊ फेब्रुवारीला तो पुन्हा कार्यालयात गेला. साहेब दौऱ्यावर होते. कारकुनानं वही उघडून दाखवली. मुबेया, लहान खड्डा, मैलकुलीनं भरावा. शेजारी साहेबांची सही. कारकून इथलाच, त्याला सगळं उमगलं असणार. पण साहेबांच्या अक्षरावर दुसरं अक्षर लिहिण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. तो इतकंच म्हणाला, "काका, साहेब असतील तेव्हा या, आणि जरा मोठ्यानं बोला."

त्या संध्याकाळी घरात बरंच बोलणं झालं. मिरिया केळी सोलत होती. ती एरवी नवऱ्याला उलटून बोलणारी नव्हती, पण त्या दिवशी सुरी खाली न ठेवता म्हणाली, "अंगणात बिबट्या आला तरी तुम्ही मांजर आलंय म्हणाल."

"आणि मांजर म्हटल्यावर तू काठी घेऊनच येशील ना?" योसामु म्हणाला.

"मी येईन. मला ठाऊक आहे तुमचं मांजर केवढं असतं. त्या साहेबाला कुठून कळायचं?"

डमाली गुडघे टेकून बापासमोर चहाचा पेला ठेवत होती. पोट आता चांगलंच दिसायला लागलं होतं. ती म्हणाली की मी इंग्रजीत पत्र लिहून देते, तुम्ही फक्त नेऊन द्या. तिनं वहीच्या दोन पानांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं. खड्डा किती रुंद, काठी किती खोल गेली, नळ कुठे फुटलाय, पावसाळा कधी सुरू होतो. स्वतःबद्दल तिनं एक ओळही लिहिली नाही. मिरियानं विचारलं तर म्हणाली, बाळंतपणाचं काय लिहायचं साहेबाला, लाज वाटते. शेवटी बापाचीच लेक ती.

नऊ मार्चला साहेब होते. त्यांच्या खोलीत बाकावर आणखी चार माणसं बसली होती, दोन मुकादम, एक मुखिया आणि एक ठेकेदार. साहेबांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. वही काढली, जानेवारीचं पान उलटलं आणि पत्राशेजारी ठेवलं.

"वालुसिंबी, हे पत्र म्हणतं की खड्डा फार मोठा आहे. खाली पोकळ आहे. तुम्ही जानेवारीत मला अकान्या म्हणून सांगितलंत. मी तेच लिहिलंय. यातलं खरं कोणतं?"

योसामु उभा होता. टोपी हातात होती. त्याला पुढे कित्येक वर्षं तो क्षण आठवत असे आणि दर वेळी त्याला बाकावरची ती चार माणसं आधी दिसत. चार माणसांसमोर त्याला म्हणायचं होतं की साहेब, तुमच्या वहीत चुकीचं लिहिलंय. तुम्हाला माझं बोलणं कळलं नाही. साहेबांना त्यांच्या खोलीत, त्यांच्या माणसांसमोर असं तोंडावर सांगायचं. त्याच्या बापानं सरदारासमोर आयुष्यात कधी तसं केलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "पत्र मुलीनं लिहिलंय. ती शिक्षिका आहे, तिला लिहायची हौस. खड्डा आपल्या वहीत आहे तसा लहानच होता. आता थोडासा वाढलाय, इतकंच."

"मग तुम्ही भरू शकाल?"

"आपली कृपा असेल तर प्रयत्न करीन."

बाकावरचा एक मुकादम खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला. मुबेया त्याच्याही ओळखीचं होतं. पण योसामुनं स्वतःच एकदा लहान म्हटल्यावर खड्ड्याला मोठं म्हणणं म्हणजे योसामुला खोटं पाडणं. साहेबांनी वहीत मुबेयाचं काम पावसाळ्यानंतरच्या यादीत लिहिलं, आणि योसामुला पाच गाड्या दगड मंजूर केले.

घरी आल्यावर त्यानं काय झालं ते सांगितलं. मिरिया उठून केळीच्या बागेत गेली आणि अंधार पडेपर्यंत आत आली नाही. डमाली म्हणाली, "असू दे, ताता. दगड तर मिळाले." तिनं हेही बापाच्या मागणीसारखंच हलकं करून म्हटलं.

त्या दिवसापासून योसामुनं बाकीचा रस्ता सोडून दिला. उरलेल्या पावणेदोन मैलांवर गवत वाढलं, चर बुजले, सायकलवाले कुरकुरू लागले. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुबेयात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लव्हाळ्यांच्या मुळांतून हात घालत फुटका नळ चाचपायचा. नळाचं तोंड दगडांनी बंद करायचं, पापिरस गवताच्या जुड्या बांधून आत दाबायच्या, त्यावर मुरूम, त्यावर धुम्मस. दोन दिवस टिकायचं. तिसऱ्या दिवशी पाणी दुसरीकडून वाट काढायचं. लोक जाताना थांबत. काही जणांनी दगड आणून टाकले, चर्चच्या बायकांनी एका शनिवारी ओळीनं उभं राहून मुरमाच्या पाट्या दिल्या. एकानं विचारलं की कार्यालयाचा ट्रक का येत नाही. योसामु म्हणाला, माझी चूक आहे. त्या माणसाला वाटलं की हीसुद्धा त्याची नम्रताच.

एप्रिलच्या आरंभी पाऊस लागला तो थांबेना. ईस्टरच्या रविवारी दलदलीचं पाणी रस्त्यावरून वाहू लागलं. आता भोक दिसतच नव्हतं. रस्ता कुठून पोकळ आहे ते योसामुलाही नक्की सांगता येईना. त्यानं दोन्ही बाजूंना पाल्याच्या फांद्या रोवल्या, म्हणजे गाडीवाला समजून सावकाश येईल.

मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास डमालीला शाळेत, तिसरीच्या वर्गात कळ आली. नर्सबाईनं सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं. कोणी एक क्षण वाया घालवला नाही. कॉफीचा व्यापारी मुगेर्वा यानं आपली पिकअप काढली, मागच्या भागात गवत आणि चटया अंथरल्या. मिरियानं डमालीचं डोकं मांडीवर घेतलं. साडेदहाला गाडी दलदलीच्या काठाशी होती.

योसामु गाडीपुढे पाण्यात उतरला. काठीनं ठोकत, बोटभर पुढे सरकत त्यानं वाट दाखवली. मुगेर्वा त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून गाडी आणत होता. पुढची चाकं पार झाली. योसामुनं मागे वळून हात उंचावला, या म्हणून. त्याच वेळी मागचं डावं चाक खाली गेलं. आवाजही मोठा झाला नाही. गाडी नुसती बसली, म्हैस पाण्यात बसते तशी, आणि मागच्या भागात पाणी शिरलं.

पलीकडच्या काठाकडून माणसं धावली. इकडून शाळेतले शिक्षक धावले. दोर आले, लाकडं आली. चाक उचललं की खालची माती निसटे आणि ते आणखी खोल जाई. योसामु पुन्हा पुन्हा मागे येऊन मुलीला विचारत होता, कसं वाटतंय. ती मिरियाच्या मांडीवर पडून, ओठ दाताखाली धरून दर वेळी तेच म्हणत होती.

"थोडंसं दुखतंय, ताता. तुम्ही गाडीचं बघा."

आणि एकवीस वर्षं मागण्या लहान करून मांडणाऱ्या त्या माणसानं दर वेळी ते मोठं करून ऐकण्याऐवजी ऐकलं तसंच घेतलं, कारण त्या वेळी त्याला ते खरं असायला हवं होतं. तो परत दोराकडे गेला. गाडी निघेल, अजून थोडं ओढलं की निघेल, असं तास दीड तास चाललं. शेवटी मिरियानं किंचाळून माणसं बोलावली. वर्गाचं दार कुणीतरी बिजागरीवरून काढून आणलं, त्यावर डमालीला ठेवलं आणि आठ माणसांनी ते खांद्यावर घेऊन पाणी ओलांडलं. पलीकडे गाडी नव्हती. दोन मैल तसंच चालल्यावर फाट्यावर एक टॅक्सी मिळाली. इस्पितळात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते.

मुलगा होता. भरलेला, डोक्यावर दाट केस. श्वास नव्हता. डमालीचं गर्भाशय फाटलं होतं, ते काढून टाकावं लागलं. इस्पितळातल्या सिस्टरबाईंनी हे सांगताना काहीही लहान करून सांगितलं नाही. मूल गेलं, पुन्हा होणार नाही, मुलगी वाचेल. एवढी तीन वाक्यं, आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

गुरुवारी ओडोकसाहेब मुबेयात आले. पाणी थोडं ओसरलं होतं. पिकअप अजून तिथंच होती. साहेबांनी बूट काढले, पाण्यात उतरून टेप लावली. रुंदी सात फूट. खोलीला टेप पुरेना तेव्हा बांबू मागवला. मग ते रस्त्याच्या कडेला योसामुजवळ येऊन बसले. पँट चिखलानं भरली होती.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "दोन्ही कागद समोर ठेवून विचारलं होतं."

"हो साहेब."

"ट्रक त्या आठवड्यात रिकामा होता. एक शब्द बोलला असतात तर दुसऱ्या दिवशी पाठवला असता. तुम्ही मला खोटं का सांगितलंत?"

साहेब रागानं बोलत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खोटं नाही बोललो, साहेब," तो म्हणाला. "मी मागत होतो."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. शब्द त्यांना सगळे कळले असणार. त्यांनी मान हलवली, बूट हातात घेतले आणि जीपकडे गेले. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या मुलखात बदली करून घेतली असं ऐकलं.

ट्रक सोमवारी आला. आठ माणसं, दोन नवे नळ, सिमेंट, दगड. त्यांनी पाणी अडवलं, फुटका नळ काढला, नवे बसवले, वर दगडांचा थर, मुरमाचा थर, धुम्मस. मंगळवारी दुपारच्या जेवणापर्यंत काम संपलं. दीड दिवस लागला. योसामु त्या माणसांना पिण्याचं पाणी आणून देत होता. त्यांच्यातल्या एकानं, ज्याला काही ठाऊक नव्हतं, सहज म्हटलं की हे तर किरकोळ काम निघालं, आधी का नाही बोलावलंत. दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

योसामुनं काम सोडलं नाही. सोडायला गेला होता, कार्यालयात फावडं, कोयता, धुम्मस, ढकलगाडी सगळं ओळीनं मांडून उभा राहिला होता. पण नवा माणूस नेमेपर्यंत थांबा म्हणाले, आणि कोणी नेमलं नाही. तो रोज सकाळी निघतो. गावातले लोक त्याच्याशी पूर्वीसारखंच बोलतात, खड्ड्यांच्या लग्नाची थट्टा मात्र आता कोणी करत नाही. मिरिया त्याला जेवायला वाढते, विचारलं तर उत्तर देते. त्या दिवसाबद्दल ती एक शब्दही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यानं एकदा पाद्रीबाबांजवळ म्हटलं.

डमालीनं ऑगस्टमध्ये तालुक्याच्या गावी बदली मागितली आणि ती तिला मिळाली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती आईवडिलांना भेटायला येते. बापासमोर गुडघे टेकून नमस्कार करते, साखर, साबण, चहाची पुडी आणते. मुबेयातला रस्ता आता जिल्ह्यात सगळ्यात चांगला आहे, टॅक्सीवाले तिथं गाडी पळवतात. ती त्या टॅक्सीत बसत नाही. टेकडीला वळसा घालून, सात मैल जास्त, पायी येते आणि रविवारी पायीच परत जाते. योसामु तिला पोचवायला टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातो. तिथून पुढे तो रस्ता त्याच्या वाट्याचा नाही.